खुन्याचं मन शेवटी वाच

प्रिय चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

सीरियल किलरच्या मानसशास्त्रावर काम करायचं आहे, सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. सोबत पाहिलेल्या माहितीपटांची आणि वाचलेल्या मुलाखतींची यादीही पाठवलीस. यादी भरगच्च आहे, पण तिच्यात जवळजवळ सगळीकडे खुनीच बोलतो आहे. अडचण नेमकी तिथे आहे. या विषयात खुन्याचं मन सगळ्यात शेवटी वाचायचं असतं.

आधी शब्द पक्के कर. २००५ साली अमेरिकेच्या एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेनं भरवलेल्या परिषदेत तज्ज्ञांनी ठरवलेली सीरियल खुनांची व्याख्या अशी: एकाच गुन्हेगारानं वेगवेगळ्या वेळी केलेले दोन किंवा अधिक खून. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात मात्र किमान तीन खून धरले आहेत. म्हणून कुठलाही आकडा दिसला की तो कोणत्या व्याख्येवर उभा आहे ते आधी विचार. त्याच परिषदेच्या अहवालानुसार वर्षभरातल्या एकूण खुनांपैकी असे खून एक टक्क्याहूनही कमी असतात. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. रोज याच गोष्टी वाचत राहिलं की प्रत्येक अनोळखी माणसाचा संशय यायला लागतो, तेव्हा त्याचा उपयोग होईल.

दुसरी गल्लत 'सायकोपॅथ' आणि 'सायकोटिक' या दोन शब्दांची. सायकोटिक माणसाचा वास्तवाशी संबंध तुटतो; त्याला भास होतात, भ्रम होतात. सायकोपॅथला वास्तव चांगलं कळतं, समोरच्याच्या वेदनेचं मात्र त्याला काही वाटत नाही. १९६८ मध्ये मुंबईत पकडलेल्या रमण राघव या सीरियल किलरला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रमांचा गंभीर मनोविकार, असल्याचं मनोविकारतज्ज्ञांचं मत पडलं आणि पुढे त्याची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. पण या गुन्हेगारांत असे थोडे. बहुतेकांना आपण काय करतो आहोत ते पुरतं ठाऊक असतं आणि ते लपवण्याची काळजीही ते घेतात. शिवाय सायकोपॅथी म्हणजे खून नव्हे. असे बरेच लोक आयुष्यात कुणाचा जीव घेत नाहीत.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची सायकोपॅथी मोजणारी चाचणी तुला इंटरनेटवर सापडलीच असेल. वीस मुद्दे, प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण, एकूण चाळीस. उत्तर अमेरिकेत साधारणपणे तीस आणि त्यापुढे सायकोपॅथी मानतात. ती व्हिडिओ पाहून भरू नकोस. गुण देताना प्रशिक्षित तपासनीस दीर्घ मुलाखत घेतो आणि शाळा, नोकरी, तुरुंग, कुटुंब यांच्या कागदपत्रांशी एकेक उत्तर ताडून पाहतो. कागदपत्रं नसतील तर नुसत्या मुलाखतीवर गुण द्यायचे नाहीत, कारण सफाईनं खोटं बोलणं हा त्या वीसपैकीच एक मुद्दा आहे.

लहानपणच्या तीन खुणांचंही तसंच. अंथरूण ओलं करणं, आगी लावणं, प्राण्यांना छळणं हे त्रिकूट १९६३ च्या एका लेखातून आलं. तो लेख जिवे मारण्याची धमकी देणाऱ्या शंभर रुग्णांवर होता, सीरियल किलरवर नव्हता. पुढच्या संशोधनात हे त्रिकूट भाकीत म्हणून टिकलं नाही. त्यातलं बरंचसं घरातल्या छळाचं किंवा दुर्लक्षाचं लक्षण असतं. आणि हिशेबही करून बघ. समज, एक लाख लोकांत एकच असा खुनी आहे आणि तुझ्याकडे ९५ टक्के अचूक चाचणी आहे. ती त्याला बहुधा पकडेल, पण त्याच्यासोबत सुमारे पाच हजार निरपराध माणसांवरही बोट ठेवेल. एखादं अंथरूण ओलं करणारं पोर त्या पाच हजारांत जाऊ नये, म्हणून मी यावर इतकं लिहितो आहे.

आता कामाची पद्धत. कोणतंही प्रकरण हातात घेतलंस की एक तक्ता आखायचा. प्रत्येक बळीसाठी एक ओळ. रकाने असे: तारीख, वेळ, जागा, वय, काम, शेवटचं कुणी पाहिलं, बेपत्ता असल्याची खबर कुणी आणि किती दिवसांनी दिली, पोलिसांनी पहिल्या दिवशी काय केलं. खुन्यासाठी एकच रकाना, तोही अगदी उजवीकडे. निकालपत्र आणि चौकशी अहवाल यांवरून भर, मुलाखतींवरून नको. वेळ लागेल, पण जे नुसत्या वाचण्यात निसटतं ते या तक्त्यात डोळ्यांत भरतं.

ब्रिटनमधला डॉक्टर हॅरल्ड शिपमन घे. २००० साली त्याला पंधरा खुनांबद्दल शिक्षा झाली. २००२ च्या चौकशी अहवालानं २१५ बळी नोंदवले. त्याच्या रुग्णांच्या मृत्यूच्या वेळा तासावार मांडल्या तर दुपारी दोनच्या आसपास एक उंच सुळका दिसतो. इतर डॉक्टरांच्या रुग्णांचे मृत्यू दिवसभरात विखुरलेले. याचे त्या वेळेला, जेव्हा तो घरभेटीला निघायचा. म्हाताऱ्या बायका, पुष्कळदा अंगावर नेहमीचे कपडे, खुर्चीत बसलेल्या. मार्च १९९८ मध्ये दुसऱ्या एका डॉक्टरांनी मृत्यूंच्या संख्येवर शंका घेतली, पण पोलिसांचा पहिला तपास वरवरचा झाला आणि त्यानंतर आणखी तिघींचा जीव गेला. त्यानं हे का केलं ते कधी सांगितलं नाही. २००४ मध्ये तुरुंगात आत्महत्या केली. त्याचं मन बंदच राहिलं, तरी तो सुळका होता आणि कुणी बघितला असता तर दिसलाही असता.

इंग्लंडमधल्या पीटर सटक्लिफ या खुन्याच्या प्रकरणात रकाने वेगळं सांगतात. १९७५ ते १९८० मध्ये तेरा खून, आणि त्या काळात पोलिसांनी त्याची नऊ वेळा चौकशी करून त्याला सोडलं. माहिती कार्डांवर होती, कार्डं एकमेकांना जोडली जात नव्हती. १९७९ मध्ये कुणीतरी खुनी असल्याचं भासवून एक ध्वनिफीत पाठवली आणि त्या फितीतल्या आवाजाची प्रादेशिक ढब ज्यांच्या बोलण्यात नव्हती, त्यांच्यावरचा संशय ढिला झाला. हल्ल्यातून वाचलेल्या बायकांनी केलेली वर्णनं त्याच्या चेहऱ्याशी जुळत होती. त्यांना पुरेसं महत्त्व दिलं गेलं नाही. बळींमध्ये 'निष्पाप' मुली आणि वेश्या अशी उघड वर्गवारी पोलिसांनीच केली होती. त्या भाषेबद्दल २०२० मध्ये पोलिसांनी माफी मागितली. शेवटी जानेवारी १९८१ मध्ये तो गाडीवरच्या खोट्या नंबरप्लेटमुळे सापडला. 'विलक्षण हुशार खुनी' ही कल्पना इथे गळून पडते. त्याची हुशारी शोधत बसण्यापेक्षा कोणाच्या मरणाची तातडी कुणाला वाटली नाही ते शोध.

कबुलीजबाब तर विस्तवासारखा हाताळ. स्वीडनमध्ये स्टुरे बेर्गवाल यानं मनोरुग्णालयात असताना तीसहून अधिक खुनांची कबुली दिली आणि आठ खुनांत तो दोषी ठरला. त्याला गुंगीची औषधं चालू होती, प्रश्नांतूनच उत्तरं सुचवली जात होती, ठोस भौतिक पुरावा नव्हता. २००८ मध्ये त्यानं कबुली मागे घेतली आणि २०१३ पर्यंत आठही शिक्षा रद्द झाल्या. म्हणजे ज्याच्या 'मना'वर तज्ज्ञांनी सिद्धांत उभे केले, तो त्या खुनांचा खुनीच ठरला नाही. आणि खरे खुनी मात्र तेवढ्यात मोकळे राहिले. म्हणून कबुलीतली जी गोष्ट तोवर पोलिसांनाही माहीत नव्हती आणि नंतर तपासात खरी निघाली, तेवढीच वहीत घे.

हे सगळं वाचायची ओढ लागते याची लाज वाटते, असंही लिहिलंस. लाजू नकोस. धोका लांबून निरखून घ्यायची माणसाची खोड जुनी आहे. २०१० च्या एका अमेरिकी अभ्यासात पुरुषांपेक्षा स्त्रियांनी खऱ्या खुनांवरची पुस्तकं अधिक निवडली आणि त्यातही सुटकेच्या युक्त्या सांगणारी. भीतीतून शिकायचं असतं, हे त्यामागचं एक कारण दिसतं. पण या ओढीवर धंदा चालतो, तोही ओळखून ठेव. लंडनमधल्या न सापडलेल्या खुन्याचं 'जॅक द रिपर' हे नाव १८८८ मध्ये एका वृत्तसंस्थेकडे आलेल्या पत्रातून पसरलं आणि ते पत्र एखाद्या पत्रकारानंच लिहिलं असावं असा दाट संशय आहे. ते नाव जगाला पाठ आहे. त्याच्या बळी मानल्या जाणाऱ्या पाच बायकांची नावं किती जणांना सांगता येतील? तुझ्या लेखनात टोपणनावं टाळ, मृतदेहाची छायाचित्रं वापरू नकोस. बळींची माहिती लिहिताना ती त्यांच्या घरचं कुणी वाचेल असं धरून लिही. रात्री झोपण्यापूर्वी हे वाचन नको, आणि सलग दोन तासांवर नको. स्वप्नं पडू लागली की आठवडाभर वही बंद ठेव.

पुढच्या पत्रासोबत सटक्लिफचा तक्ता पाठव. तेरा ओळी, आणि वाचलेल्या बायकांच्या वेगळ्या ओळी, त्यांनी काय वर्णन केलं आणि त्याचं पुढे काय झालं त्यासह. उजवीकडचा रकाना तूर्त रिकामा राहू दे.

कळावे, लोभ असावा.