साखळी लांबली तरी चालेल

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आलेला. मी सकाळी चहा घेताना वाचला आणि चहा तसाच निवला. मोबाइलवर एवढं टाइप करणं मला होत नाही, म्हणून वहीचे कागद फाडून लिहितोय. तुझे बाबा शनिवारी बेळगावला येणारेत, त्यांच्याकडे देतो.

गॅलॅक्सी झूवर, म्हणजे इंटरनेटवर दीर्घिकांची (ताऱ्यांच्या त्या प्रचंड बेटांची) चित्रं बघून आकार सांगायचं आपलं जे काम, त्याबद्दल तू चार गोष्टी लिहिल्यास. तीन प्रश्न होते, ते ठीक. चौथा प्रश्नच नव्हता: 'काका, तुम्ही काय दिलंत ते सांगा, मी तेच देते.' हे पत्र खरं तर त्या एका ओळीसाठी आहे. राग येऊ दे आला तर.

आधी तू विचारलेल्या चित्राचं, त्यातल्या दोघी टकरतायत का ते. डावीकडं पिवळसर गोळा, उजवीकडं निळी चपटी दीर्घिका, आणि तिच्यातून खाली गेलेली एक फिकट रेघ. फणसाचा गरा सोडवताना चीक तार धरतो ना, तशी. ती रेघ खरीच आहे का स्क्रीनवरचा डाग, हे बघायचं. खरी असली तर त्या दोघी एकमेकींना ओढतायत. अशा शेपट्या कशा निघतात ते आलार आणि युरी तूमरे या दोघा भावांनी १९७२ साली कॉम्प्युटरवर हिशोब मांडून दाखवलं. समुद्राला भरती आणणारं जे बळ, तेच इथंही. जवळची बाजू जास्त ओढली जाते, लांबची कमी, आणि दीर्घिका ताणली जाते. तारे मात्र एकमेकांवर आपटत नाहीत, त्यांच्यात अंतरच तेवढं असतं. वायूचे ढग आपटतात, त्यातून नवे तारे पेटतात.

आणि रेघ नसली, दोन्हीचे आकार शाबूत असले, तर नुसत्या एकीपुढं एक असतील. एनजीसी ३३१४ चं चित्र काढून बघ. बघणारा शपथेवर सांगेल की टक्कर चाललीय. प्रत्यक्षात दोघींमध्ये कोट्यवधी प्रकाशवर्षांचं अंतर आहे आणि एकीला दुसरीचा पत्ता नाही. पक्का निकाल ताम्रसृती, म्हणजे प्रकाश तांबड्याकडं किती सरकलाय ते, मोजल्यावर लागतो; त्यावरून अंतर कळतं. ते मोजणं तुझ्यामाझ्या हातात नाही. तुझ्या हातात काय, तर जे दिसलं त्या उत्तराचं बटण दाबायचं.

आता तुझ्या सरांनी म्हटलं ते: 'हे आता मशीन करतं, तुम्ही कशाला डोळे फोडता?' मशीन करतं, खरं आहे. पण ते शिकलं कशावर? गॅलॅक्सी झू २००७ च्या जुलैत सुरू झालं तेव्हा लोकांपुढं नऊ लाखांच्या घरात दीर्घिका होत्या. त्याआधी केविन शाविन्स्की नावाच्या पोरानं ऑक्सफर्डात पन्नास हजार एकट्यानं डोळ्यांखालून घातल्या होत्या आणि हात टेकले होते. मग दीडेक लाख लोकांनी पहिल्या वर्षात पाच कोटींवर उत्तरं दिली. अशीच माणसांची उत्तरं मशीनला शिकवली जातात. आणि नुसतं 'मीलन आहे', म्हणजे दोघी एकमेकींत मिसळतायत, एवढंच शिकवत नाहीत. शंभरात साठजण हो म्हणाले, चाळीस नाही म्हणाले, हेही शिकवतात. तुमच्यातलं ते मत न जुळणंसुद्धा माहिती आहे, बाळ. तू माझं उत्तर उचललंस की दोन माणसं कागदावर दिसतात आणि डोळे एकाचेच असतात.

तू आणि तुझी रूममेट एका खाटेवर बसून, 'तू काय म्हणतेस गं' करत उत्तरं देता, हेही तू लिहिलंस. बंद कर ते. आजपासून.

या कामाचं कौतुक करणारे सगळे हॅनी व्हॅन आर्केलची गोष्ट सांगतात. हॉलंडातली शाळामास्तरीण, २००७ साली एका दीर्घिकेखाली तिला विचित्र ढग दिसला, तिनं 'हे काय' म्हणून विचारलं आणि तिचं नाव त्या ढगाला लागलं. छान गोष्ट आहे. मला फारशी आवडत नाही. लॉटरी लागलेल्याचा फोटो दुकानात लावतात तशी वाटते. मला दुसरी आवडते, ती कुणी सांगत नाही.

सुरुवातीला लोकांना विचारायचे की सर्पिल, म्हणजे गोल वळलेल्या हातांची, दीर्घिका घड्याळाच्या दिशेनं फिरलेली दिसते का उलट. मोजदाद केली तर उलट फिरणाऱ्या जास्त निघाल्या. खळबळ! विश्वाला डावं-उजवं कळतं की काय? मग त्यांनी काही चित्रं आरशात धरल्यासारखी उलटी करून लोकांपुढं ठेवली. फरक आभाळातला असता तर आता तो पालटायला हवा होता. पालटला नाही. उलट्या चित्रांतही लोकांना 'उलट'च जास्त दिसल्या. म्हणजे खोट आभाळात नव्हती, माणसाच्या बघण्यात होती.

ही खोट सापडली कशी, याचा विचार कर. एवढे लोक चुकले, पण प्रत्येकजण आपल्या डोळ्यांनी चुकला. म्हणून चूक एका बाजूला झुकलेली राहिली, मोजता आली, हिशोबातून वजा करता आली. अर्ध्यांनी शेजाऱ्याचं बघून दिलं असतं तर काय वजा करणार होते?

मी बत्तीस वर्षं मोजणीदार होतो, तुला माहीत आहे. जमीन मोजायची माझी जुनी साखळी अजून खाटेखालच्या ट्रंकेत आहे. ३३ फूट, तिचे सारखे १६ भाग म्हणजे १६ आणे, पितळेची मूठ, एक कडी वाकलेली. वापरून वापरून कड्या उघडतात, झिजतात, आणि साखळी बोटभर लांबते. त्यानं काही बिघडत नाही. साखळी लांबली तर ती सगळ्या शेतात सारखीच लांबते. कसोटीवर लावून बघायची, किती वाढली ते काढायचं, आकडे दुरुस्त करायचे. लांबलेल्या साखळीनं घेतलेलं माप दुरुस्त होतं. न घेतलेलं माप दुरुस्त होत नाही.

हे मला शहाणपणानं कळलेलं नाही. १९८६ साली हुक्केरी तालुक्यातल्या एका गावी दोन भावांच्या वाटणीची मोजणी होती. धाकटा वारलेला, त्याची बायको बांधावर उभी. मी तीनदा साखळी टाकली. तिन्हीदा थोरल्याच्या बाजूनं नकाशापेक्षा एक साखळी पाच आणे कमी भरलं. बाई म्हणत होती, 'अळती सरी इल्लरी,' माप बरोबर नाही हो. ती नकाशाबद्दल बोलत होती, माझ्याबद्दल नव्हे. वरचे साहेब म्हणाले, नकाशात आहे तेच टाक, गावही तेच म्हणतंय. मी टाकलं.

पैसा घेतला नाही, एक पैसाही नाही. वय सत्तावीस, नोकरी कायम व्हायची होती, मोठी पोरगी तेव्हा पाळण्यात. आणि नकाशा बरोबर असेल, माझीच साखळी चुकली असेल, असंही खरंच वाटलं होतं. तीनदा सारखं येऊनसुद्धा. तुला हे कशाला सांगतोय? बाईनं पुढं फेरमोजणी मागितली तेव्हा माझी वही काढली. वहीत नकाशाचेच आकडे. दोन कागद एकमेकांना साक्षी! फेरमोजणी नामंजूर झाली. मी चुकीचं माप लिहिलं असतं तरी कुणीतरी विचारलं असतं की हा फरक का. मी फरकच पुसून टाकला होता.

तेव्हा 'माझं उत्तर बहुमताशी जुळत नाही, माझं वजन कमी करतील' असं पुन्हा लिहू नकोस. मतांना वजन देतात, बरोबर आहे. पटापट काहीही दाबणाऱ्याचं मत भारी पडू नये म्हणून देतात. तुझं कमी झालं तर होऊ दे. वजनासाठी बसलीयस का तिथं?

माझंही ऐकून घे. फाल्गुनात डाव्या डोळ्याचं मोतीबिंदू काढलं. आता त्या डोळ्यानं कागद निळसर पांढरा दिसतो, उजव्यानं चहा सांडल्यासारखा. एकच दीर्घिका डाव्यानं निळी, उजव्यानं पिवळट. कुठला खरा? म्हणून मी रोज वहीत लिहितो, आज कुठल्या डोळ्यानं बघितलं. घरात हसतात. पूर्वी दीर्घिका इतक्या असायच्या की आकार बघायला वेळ नसे, रंगावरूनच ठरवायचे: निळी म्हणजे सर्पिल, तांबूस म्हणजे लंबगोल. लोकांनी नुसता आकार बघून सांगितलं तेव्हा तांबड्या सर्पिल आणि निळ्या लंबगोल दीर्घिकांचे गठ्ठे निघाले. माझा डोळा रंगात फसतो, आकारात फसू नये एवढी खटपट आहे.

इकडं पाऊस लागलाय, कणकुंबीच्या बाजूला तर आठवडाभर धार तुटली नाही. चार महिने आभाळ नाही, म्हणून तर हा नाद लागला. दिवाळीच्या अमावास्येला जांबोटीच्या रस्त्यावर जाऊ. स्वेटर आण, मागच्या वेळी कुडकुडलीस. देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दाखवतो, २५ लाख प्रकाशवर्षांवरची. ती आपल्याला धडकणार हे तुमच्या पुस्तकात ठाम लिहिलेलं असेल. २०२५ साली काहीजणांनी नव्यानं हिशोब केला, तर पुढच्या १० अब्ज वर्षांत तशी शक्यता निम्मीच निघाली. पुस्तक बदलेल सावकाश.

तुझ्या चित्राला मी परवाच उत्तर दिलंय. उजव्या डोळ्यानं बघून, वहीत नोंद आहे. ते तुला कळणार नाही.

तुझा,
काका

ता. क. बाबांबरोबर कुंदा पाठवतोय. तो मात्र रूममेटबरोबर एका खाटेवर बसून खाल्लात तरी चालेल.