बाळाच्या कमरेवर बारीक छिद्र आहे, सासूबाई जन्मखूण म्हणतात. एमआरआय खरंच लागतो का?

ताई, तुमची मुलगी दोन महिन्यांची, कमरेच्या मधोमध छिद्र, भोवती चार केस, डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितला, आणि घरचे म्हणतात मोठी झाली की बुजून जाईल. आमच्या घरी पण हेच म्हणायचे म्हणून लिहायलोय. मी डॉक्टर नाही, परभणी जिल्ह्यातला एक बाप आहे.

आमच्या लेकराचं छिद्र सुईच्या टोकाएवढं. न्हाऊ घालणाऱ्या मावशी रोज त्यात तेल-हळद जिरवायच्या, आम्हाला पण ते बरंच वाटायचं. सात महिन्यांचा असताना ताप आला, दूध सोडलं, कडेवर घेतलं की किंचाळायचा, गावात टायफॉईड म्हणून चार दिवस सलाईन लावली, मग झटका आला तेव्हा मोठ्या दवाखान्यात पळालो. तिथं पाठीतलं पाणी तपासून मेंदूज्वर सांगितला. आता बघा, पाण्यासाठी सुई टोचली ती त्या छिद्राच्या दोन बोटं वरच, तरी कुणाच्या डोक्यात काही आलं नाही. अँटिबायोटिकनी बरा झाला, घरी आणला, अन् दीड महिन्यात परत तेच. ह्या वेळी एका शिकाऊ डॉक्टर मॅडमनी लंगोट खाली सरकवून विचारलं, "हे कधीपासून आहे?"

एमआरआयमध्ये दिसलं की ते छिद्र म्हणजे एक बारीक नळी, कातडीपासून थेट मज्जारज्जूच्या आवरणाच्या आत गेलेली, टोकाला गाठ अन् त्यात पू. ह्याला डर्मल सायनस म्हणतात. न्यूरोसर्जननी समजावलं की पोटात पहिल्या दोन महिन्यांत कातडी अन् मज्जारज्जू वेगळे व्हायला पाहिजेत, कुठं धागा चिकटून राहिला तर अशी नळी बनते. साधारण 2500 जन्मांत एक. कातडीवरचे, शीमधले जंतू त्याच वाटेनं आत जातात.

पण घाबरून जाऊ नका, सगळे खळगे असे नसतात. ढुंगणाच्या फटीत, शीच्या जागेपासून अडीच सेंटिमीटरच्या आत, तळ दिसणारा, केस किंवा लाल डाग नसलेला छोटा खळगा लई लेकरांना असतो अन् बहुतेक वेळा काही होत नाही. तुमचा फटीच्या वर आहे आणि केस आहेत, म्हणून डॉक्टर बरोबर सांगायलेत. तीन-चार महिन्यांपर्यंत मणक्याची हाडं कच्ची असतात तोवर सोनोग्राफीत पण बरंच दिसतं, ती आधी करता येईल का विचारा, पण शेवटी ऑपरेशन ठरवायला एमआरआयच लागतो. खर्चाचं टेन्शन असेल तर अंगणवाडीत आरबीएसकेची (लेकरांच्या तपासणीची सरकारी योजना) टीम येते त्यांना दाखवा, मणक्याचे जन्मजात दोष त्यांच्या यादीत आहेत.

तोवर त्यात तेल नको, काडी नको, दाबून बघणं नको. ताप, छिद्रातून पाणी किंवा पू, पाय कमी हलवणं, ह्यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी निघा, अन् डॉक्टरांनी विचारलं नाही तरी पाठ उघडून दाखवा.

आमचा आता पाच वर्षांचा आहे. ऑपरेशननी नळी मुळासकट काढली, पळतो बिळतो, फक्त लघवीवर ताबा अजून पूर्ण नाही.