भाऊ आजारी, गल्ली घाबरलेली

प्रश्न : आम्ही शिवाजी पेठेत राहतो. धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या घेतो, सकाळी रंकाळ्यावर फिरून येतो. एका खुनाच्या बातमीत आरोपी 'मनोरुग्ण' असल्याचं आलं, तेव्हापासून शेजारी पोरं आत ओढतात. परवा कुणीतरी त्याला दगड मारला. मालक म्हणतो, खोली सोडा. दुपारी कामाला जाताना मीही बाहेरून कडी घालते. त्याच्यापासून धोका आहे का?

उत्तर : ताई, दगड लागला तो तुमच्या भावाला. तीस वर्षं ओपीडीत मी हेच बघतोय. या आजाराची बहुतेक माणसं कधीच हिंसक होत नाहीत. मार खाणाऱ्यांत मात्र जास्त सापडतात. धोका शून्य, असं म्हणणार नाही. औषध बंद पडलं, त्यात दारू-गांजा आला, 'मला मारायला टपलेत' हा संशय बळावला, तर धोका वाढतो. म्हणून झोप उडाली किंवा 'विष घातलंय' म्हणत ताट सरकवलं, की पुढच्या तारखेची वाट बघू नका. गोळ्या चुकत असतील तर महिन्याकाठी घ्यायचं इंजेक्शनही असतं. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मोफत आहे.

समाजात राहण्याचा हक्क त्याला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं दिलाय. पण मालकाला कायदा नंतर सांगा, आधी चहाला बोलवा. चहा भावालाच करू दे. (साखर जास्त पडली तरी चालेल, कोल्हापूर आहे.)

आणि ती कडी आजपासून घालू नका.