डाळिंबाच्या सालीतले दोन पीक्स: परत शुद्ध करण्याआधी हे बघा

तुम्ही लिहिलंय: 'भगवा' जातीच्या डाळिंबाच्या सालीचा अर्क, एचपीएलसीत (अर्कातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात) शेजारी शेजारी दोन पीक्स (आलेखावर घटक दाखवणारे उंचवटे), दोन्हींचं मास (रेणूचं वजन) सारखंच, आणि गाईड म्हणतात सॅम्पल अशुद्ध. तुमचं हे वाचून माझं एमएस्सीचं दुसरं वर्ष आठवलं. सोलापुरातच, सांगोल्याहून आणलेल्या डाळिंबांवर, अगदी हेच झालं होतं.

मासचा आकडा तुम्ही लिहिलेला नाही. निगेटिव्ह मोडमध्ये (रेणूला ऋण भार देऊन मोजताना) १०८३ असेल तर ते बहुतेक प्युनिकॅलॅजिन, म्हणजे डाळिंबाच्या सालीतलं एक टॅनिन, आणि ते दोन पीक्स देणारच. त्याच्या रेणूतल्या ग्लुकोजचं कडं पाण्यात उघडतं आणि परत मिटतं, म्हणून अल्फा आणि बीटा ही दोन रूपं एकमेकांत बदलत राहतात. ही भेसळ नव्हे.

मला हे कोणी सांगितलं नाही. जिल्ह्याबाहेरच्या एका तपासणी केंद्राने रिपोर्टवर 'अशुद्ध' एवढा एकच शब्द लिहिला. मूळ डेटा फाइल मागितली तर प्रिंटआउट हातात दिला; फोन केला की 'साहेब जागेवर नाहीत'. मी त्या एका शब्दावर विश्वास ठेवला आणि चार महिने घालवले. एक पीक गोळा करायचा, सुकवायचा, परत इंजेक्ट करायचा, की पुन्हा दोन! शुद्धीकरणाचा सेफाडेक्स एलएच-२० चा कॉलम दोनदा नव्याने भरला. मिथेनॉलचा खर्च घरच्यांनी सोसला. आजही राग येतो.

तुम्ही एवढंच करा. एक पीक गोळा करून लगेच इंजेक्ट करा, उरलेला रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी परत करा. दुसरा पीक उगवला तर प्रश्न मिटला. दोन्हींचे यूव्ही स्पेक्ट्रम जुळतात का आणि रेणू फुटून होणाऱ्या तुकड्यांच्या मासमध्ये ७८१, ६०१ दिसतात का, तेही बघा. प्रमाण काढताना दोन्ही पीक्सच्या क्षेत्रफळांची बेरीज करा.

नुसत्या डीपीपीएचवर (अँटिऑक्सिडंट तपासायच्या रंगचाचणीवर) मात्र विसंबू नका, हे माझं ठाम मत. ५१७ नॅनोमीटरला रंग उतरला म्हणजे अर्कात काहीतरी काम करतंय एवढंच कळतं, कोण करतंय ते नाही.

मी प्राध्यापक नाही, आणि हे फक्त डाळिंबाच्या सालीपुरतं. जांभळाला, सीताफळाला लावू नका. आणि साल लोखंडी खलबत्त्यात कुटत असाल तर थांबवा, टॅनिन लोखंडाशी बांधलं जाऊन अर्क काळपट होतो. रोटावेपचं (अर्कातलं द्रावक उडवणाऱ्या यंत्राचं) पाणीही ४० अंशांच्या वर नेऊ नका. मास ३०१ ला जास्त दिसू लागलं, तर प्युनिकॅलॅजिन तुटून एलॅजिक आम्ल होतंय का ते आधी तपासा.