वडिलांच्या नावाचा ट्रस्ट की आधी जंगलाला राखणदार?

प्रश्न: मी ६२ वर्षांची निवृत्त शिक्षिका. दरमहा ४८ हजार पेन्शन आणि यजमानांची व माझी मिळून ७० लाखांची बचत आहे. वडिलांचा पुण्यातला प्लॉट विकून मला आणि भावाला प्रत्येकी ८० लाख मिळाले. भाऊ अमेरिकेत असतो, तिथलंच नागरिकत्व घेतलंय. वडील आयुष्यभर पक्षी बघत हिंडले. देवरुखजवळ आमचं १४ एकर जुनं जंगल आहे, सातबारावर चुलत भावंडांचीही नावं आहेत. वडिलांच्या नावाने १.६ कोटींचा कौटुंबिक ट्रस्ट काढावा, जंगल त्याच्या नावे करावं, तिथे विश्वस्तांना (आम्ही घरचेच चौघे) राहायला छोटं घर बांधावं आणि वन्यजीव छायाचित्रण करणाऱ्या माझ्या मुलाला ३० हजार पगारावर काम द्यावं, असा विचार आहे. योग्य होईल का?

उत्तर: ताई, पैसे जंगलासाठीच खर्च करा आणि याच हंगामापासून करा. ट्रस्ट मात्र आत्ता काढू नका. का ते सांगतो.

आधी रक्कम. तुम्ही १.६ कोटी धरलेत, पण हाती येतील ८० लाखच. भाऊ अमेरिकेचा नागरिक आहे, त्यामुळे त्याने दिलेली देणगी परदेशी देणगी ठरते. पैसे पुण्यातल्या प्लॉटचे असले आणि इथल्याच बँक खात्यातून आले तरीही. ती घ्यायला ट्रस्टकडे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए, नोंदणी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या काळात कामावर १५ लाख खर्च झालेले हवेत. पूर्वपरवानगीची वाट आहे, पण नव्या घरगुती ट्रस्टला ती सोपी जात नाही. तुमच्या नावावर पैसे फिरवून ट्रस्टमध्ये टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. भावाला द्यायचंच असेल तर एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेला त्याने थेट द्यावं.

आता ८० लाखांचा हिशेब. सात टक्क्यांनी वर्षाचं व्याज ५ लाख ६० हजार. करसवलत टिकवायची तर ट्रस्टने उत्पन्नाचा ८५ टक्के भाग कामावर खर्च करायचा असतो; १५ टक्के, म्हणजे ८४ हजारच, बिनशर्त बाजूला पडतात. ठरावीक कामासाठी पाच वर्षांपर्यंत रक्कम साठवता येते, पण तीही शेवटी खर्चच करायची. मुद्दल वर्षाला जेमतेम एक टक्का वाढणार. महागाई पाच टक्के धरली तर पंधरा वर्षांत त्या निधीची ताकद निम्म्याच्या आसपास येते. आयकर कायद्याला म्युच्युअल फंड चालतात, पण धर्मादाय आयुक्तांच्या कायद्याचे गुंतवणुकीचे नियम वेगळे आहेत. बँकेच्या ठेवीपलीकडे जायचं तर ते आधी तपासावे लागतात. शिवाय ऑडिट, हिशेबनीस, दोन्हीकडची विवरणपत्रं, विश्वस्त बदलला की बदल अर्ज. एवढ्याशा ट्रस्टलाही मी वर्षाला सव्वा ते दीड लाख खर्च धरतो.

हेच ८० लाख तुमच्याच नावावर ठेवीत राहिले तर? पेन्शन, बचतीच्या व्याजातला तुमचा अर्धा वाटा आणि हे नवं व्याज धरून २०२५-२६ च्या दरांनी, नव्या करप्रणालीत, साधारण ८० हजार कर बसेल. म्हणजे ट्रस्ट चालवण्यापेक्षा कमीच, आणि उद्या घरात मोठं आजारपण निघालं तर पैसा हाताशी. ट्रस्टला दिलेला पैसा परत घेता येत नाही.

८०जी, म्हणजे देणगीवरच्या आयकर वजावटीबद्दलही ऐका. नव्या करप्रणालीत ती वजावट मिळत नाही. जुनीत मिळते, पण मर्यादेत, आणि प्लॉटच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावरचा कर त्याने कमी होत नाही. कर वाचवण्यासाठी ट्रस्ट, हा विचार डोक्यातून काढा.

जंगल ट्रस्टच्या नावे करण्यात वेगळीच अडचण आहे. आपल्याकडे कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला शेतजमीन परवानगीशिवाय विकताही येत नाही आणि बक्षीसही देता येत नाही. ट्रस्ट शेतकरी नव्हे. सातबारावर जमिनीची नोंद काय आहे ते वकिलाला दाखवा. त्यात तुमची जमीन सामाईक, म्हणजे सगळ्यांच्या सह्या आल्या. एकदा ट्रस्टची झाली की पुढे विकायला किंवा बदलायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागणार. तिथे विश्वस्तांसाठी घर बांधलंत आणि सुट्टीत घरचेच राहिले, तर ट्रस्टच्या पैशातून कुटुंबाचा फायदा झाला असं धरून करसवलतच धोक्यात येते. मुलाचा पगार कामाच्या मानाने वाजवी असेल तर चालतो, पण साडेपाच लाखांच्या उत्पन्नातून ३ लाख ६० हजार घरच्या पगारावर? हा खर्च कुणालाही पटवणं कठीण जाईल, आणि मलाही तो पटत नाही.

कायद्याइतकाच मला माणसांचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. चिलीत आणि अर्जेंटिनात लाखो एकर घेऊन जंगलं राखणारे डग आणि क्रिस टॉम्पकिन्स तिथेच राहिले. डग २०१५ साली गेले, तरी २०१८ मध्ये क्रिस यांनी दहा लाख एकर चिली सरकारकडे राष्ट्रीय उद्यानांसाठी सोपवले. आपल्यानंतर जमीन कोण बघणार, याचं उत्तर त्यांनी आधीच ठरवलं होतं. कर्नाटकातल्या कोडगूत (कूर्ग) पामेला आणि अनिल मल्होत्रांनी १९९१ साली ५५ एकरांपासून सुरुवात केली आणि ते क्षेत्र तीनशेच्या घरात नेलं. तेही जंगलातच राहिले. २०२१ मध्ये अनिल गेले. दोन माणसांच्या जिवावर उभं राहिलेलं काम एक जण गेल्यावर कसं चालवायचं, ही चिंता अशा प्रत्येक ठिकाणी असते. तुमच्या पत्रात चार विश्वस्तांची नावं आहेत, चौघेही घरचे. मार्चमध्ये डोंगराला वणवा लागला तर त्यांच्यातलं कोण देवरुखला असेल? पत्रावरून तरी कुणीच नाही.

म्हणून आधी राखणदार. गावातलाच, जंगलाची वाट न् वाट ठाऊक असलेला माणूस महिना १५ हजारांवर ठेवा. वर्षाचे १ लाख ८० हजार. पावसानंतर गवत वाळू लागलं की जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा मोकळा पट्टा, काढायची, त्याची मजुरी वेगळी. सगळं धरून पहिल्या वर्षी तीन लाख राखून ठेवा. कोकणातली खासगी जंगलं दहा-पंधरा वर्षांनी व्यापाऱ्याला तोडीला जातात, आणि पहिला नंबर लागतो मोठ्या बेहड्याचा. त्याच्याच जुन्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला कोंडून घेते. फटीतून फक्त चोच बाहेर, आणि नर आठवडेच्या आठवडे तिला फळं आणून भरवतो. ढोली चांगली असेल तर जोडी वर्षानुवर्षं तिथेच येते. व्यापारी त्या झाडाची किंमत लाकडाच्या घनफुटावर करतो. तुमच्या जंगलात असे बेहडे किती, ढोल्या कुठे, हे मुलाला यंदा नोंदवू द्या. छायाचित्रकाराचं हे पहिलं खरं काम.

संगमेश्वर परिसरात पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन (एईआरएफ) ही संस्था जंगलमालकांशी 'तोड करायची नाही' असे संवर्धन करार करते. त्यांना भेटा, करार वाचा, तिथल्या मालकांशी बोला. माझा त्यांच्याशी काही संबंध नाही. देणगी द्यायची तर कोणत्याही संस्थेचे मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद मागा आणि जंगलात जाणारी माणसं कोण ते विचारा. वन्यजीव कायद्यातल्या २००२ च्या दुरुस्तीनंतर खासगी जमिनीवरही मालकाच्या इच्छेने 'समुदाय राखीव' जाहीर होऊ शकतं, पण नंतर जमिनीचा वापर बदलणं फार अवघड. तो निर्णय सध्या दूर ठेवा.

पैशांची वाटणी मी अशी करीन. ८० पैकी २० लाख तुम्हा दोघांच्या आजारपणासाठी. उरलेले ६० लाख जंगलनिधी: निम्मे ठेवीत, निम्मे हायब्रिड (शेअर आणि रोखे मिळून असलेल्या) फंडात, म्हणजे मुद्दल महागाईच्या मागे फार पडणार नाही. मृत्युपत्र करा आणि हा निधी तुमच्या पश्चात कोणत्या संस्थेला जावा ते त्यात लिहा. तीन वर्षं असं चालवा. तोवर मुलगा महिन्यातून एकदा तरी तिथे जात असेल आणि गावातला एक, वनस्पती जाणणारा एक, असे घराबाहेरचे दोघे विश्वस्त व्हायला तयार असतील, तर मग ट्रस्ट काढा. मसुदा मीच वकिलासोबत बसून बघेन.

चुलत भावंडांच्या संमतीला मात्र तीन वर्षं थांबू नका. एकानेही आपला हिस्सा व्यापाऱ्याला दिला तर बेहडे जातील. गणपतीला सगळे गावी येतात, तेव्हाच जंगल न तोडण्याचा करार समोर ठेवा. ज्याला पैशांची नड असेल त्याचा हिस्सा जंगलनिधीतून विकत घ्यायची तयारी ठेवा, तुमचं नाव सातबारावर असल्याने ते जमतं. आणि नोटरीवर भागवू नका, दुय्यम निबंधकाकडे रीतसर नोंदवा.