कायद्याचं शिक्षण नसलेला विद्यार्थी इमिग्रेशन लीगल एड ऑफिसात आठवडाभर जाऊन काय करणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही अमेरिकेत मास्टर्स करताय, स्प्रिंग ब्रेकमध्ये (सेमिस्टरच्या मधल्या आठवड्याभराच्या सुट्टीत) युनिव्हर्सिटीचा एक गट स्थलांतरितांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या ऑफिसात आठवडाभर कामाला जातोय. तुम्हाला कायदा कळत नाही, स्पॅनिश येत नाही. जाऊन उपयोग होईल, की तिथल्या लोकांना नुसता ताप?

मी इंजिनिअरिंग शिकत असताना अशाच एका गटाबरोबर टेक्सासमधल्या एका ऑफिसात गेले होते. उपयोग होतो. फक्त तो कुठे होतो, याची कल्पना बहुतेकांची जाण्याआधी वेगळी असते. कोर्टात तुम्ही उभे राहणार नाही, आणि ज्यांच्या फायली हाताळाल त्यांचं पुढे काय झालं हे बहुधा कधी कळणारही नाही. इमिग्रेशन कोर्टातल्या केसेस वर्षानुवर्षं चालतात. २०२३ संपता संपता तुंबलेल्या केसेसचा आकडा ३० लाखांच्या पुढे गेला होता. तुमच्या वाट्याला येतं ते कागदांचं काम.

ते काम इतकं का साचतं, हे आधी समजून घ्या. फौजदारी गुन्ह्याचा गंभीर आरोप असेल आणि वकील परवडत नसेल, तर सरकारला वकील द्यावा लागतो; १९६३ च्या गिडियन खटल्यापासून हे ठरलेलं आहे. पण देशाबाहेर काढण्याची केस कायद्याच्या लेखी दिवाणी. तिथे वकील ठेवायचा हक्क आहे, सरकारी खर्चाने मात्र नाही. समोर सरकारचा वकील असतोच. एकटं आलेलं लहान मूल असलं तरी नियम हाच. त्यात आणखी एक मेख आहे. गरिबांच्या दिवाणी केसेससाठी लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनमार्फत केंद्राचा पैसा ज्या संस्थांना मिळतो, त्यांना १९९६ पासून कागदपत्रं नसलेल्या बहुतेकांच्या केसेस घेता येत नाहीत. घरगुती हिंसाचार, मानवी तस्करी असे मोजके अपवाद सोडून. त्यामुळे हा भार देणग्यांवर चालणाऱ्या छोट्या संस्थांवर येतो. तिथे वकील थोडे, आणि त्यांचा दिवस अशा कामांत जातो ज्यांना वकिलाची गरजच नसते. ती कामं तुमची.

आश्रयाच्या अर्जाचंच घ्या, म्हणजे मायदेशी धोका आहे म्हणून अमेरिकेत राहू द्या असं मागणाऱ्या. आय-५८९ हा फॉर्म इंग्रजीतच भरावा लागतो आणि साधारणपणे देशात आल्यापासून वर्षाच्या आत द्यावा लागतो. नुसता जिवाला धोका आहे एवढं सांगून भागत नाही. तो धोका वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व, यांपैकी एखाद्या कारणामुळे आहे हे दाखवावं लागतं. ते कसं मांडायचं हे वकील ठरवतो. पण सोबतचा प्रत्येक परक्या भाषेतला कागद, म्हणजे जन्मदाखला, पोलिसांकडची तक्रार, हॉस्पिटलचे कागद, इंग्रजीत करून द्यावा लागतो आणि खाली भाषांतरकाराने सही करून लिहून द्यावं लागतं की मला दोन्ही भाषा येतात व भाषांतर बरोबर आहे. यासाठी सरकारी परवाना लागत नाही. आमच्या गटात स्पॅनिश चांगलं येणारी मुलं आठवडाभर जवळजवळ हेच करत होती. बाकीचे आम्ही अर्जदाराच्या देशातल्या परिस्थितीचे पुरावे शोधत होतो: अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे मानवाधिकार अहवाल, संयुक्त राष्ट्रांचे अहवाल, त्या भागातल्या बातम्या. वाचायचं, नेमका परिच्छेद अधोरेखित करायचा, पानांवर क्रमांक टाकायचे, अनुक्रमणिका करायची, प्रती काढायच्या. कंटाळवाणं आहे, लपवत नाही. पण सवयीने रिसर्च पेपर वाचणाऱ्या विद्यार्थ्याला हे काम वकिलाइतकंच नीट जमतं.

दुसरं मोठं काम नागरिकत्वाच्या अर्जाचं, म्हणजे एन-४००. मागच्या पाच वर्षांतले सगळे पत्ते, सगळ्या नोकऱ्या, देशाबाहेरचा प्रत्येक प्रवास. लोक पिशवीभर कागद घेऊन येतात आणि पासपोर्टवरचे पुसट शिक्के बघत तारखा जुळवाव्या लागतात. सहा महिन्यांपेक्षा लांबलेला प्रवास सापडला की बाजूला खूण करायची, कारण त्याने नागरिकत्वासाठी लागणाऱ्या अमेरिकेतल्या सलग वास्तव्याचा प्रश्न उभा राहतो. पुढे हो-नाही प्रश्नांची लांबलचक यादी असते. नागरिक नसताना कधी मतदान केलंय का? बहुतेक जण नाही म्हणतात. पण कोणी सहज म्हणून गेलं की लायसन्सच्या वेळी काउंटरवर एक कागद पुढे केला होता, त्यावर सही केली, मग मतदार कार्ड आलं (म्हणजे तो कागद मतदार नोंदणीचा होता), तर पेन तिथेच खाली ठेवायचं आणि वकिलाला बोलवायचं. असा अर्ज तसाच पाठवला तर नागरिकत्व राहिलं बाजूला, माणूस देशाबाहेर काढला जाऊ शकतो.

तुम्हाला शिकवायची सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच असते, कुठे थांबायचं. ‘माझं काम होईल का’, ‘अमुक लिहू की नको’ असं लोक तुम्हालाच विचारतात, कारण समोर तुम्ही बसलेले असता. उत्तर माहीत आहे असं वाटलं तरी द्यायचं नाही. वकील नसताना कायदेशीर सल्ला देणं बेकायदेशीर आहे, आणि चुकीच्या सल्ल्याची किंमत समोरचा मोजतो. ‘हे मी वकिलांना विचारून सांगते’ हे वाक्य मी त्या आठवड्यात सगळ्यांत जास्त वेळा म्हटलं असेल. तसंच, कोणाची कहाणी स्वतःहून विचारू नका. ती त्यांनी आधीच अनेकदा सांगितलेली असते आणि कोर्टात पुन्हा सांगायची असते; अर्जाला लागेल तेवढंच विचारा. फोटो, इन्स्टाग्राम स्टोरी वगैरे तर विसराच.

स्पॅनिश येत नाही याची फार चिंता नको. या कोर्टांत पंजाब आणि गुजरातमधून आलेल्यांच्याही बऱ्याच केसेस असतात. हिंदी, पंजाबी, गुजराती यांपैकी काही येत असेल तर आधीच कळवून ठेवा. आम्हाला कोर्टाच्या तारखेची आठवण करून द्यायला फोन करायला लावले होते, तिथे माझं हिंदी कामी आलं. हे फोन क्षुल्लक वाटतात, पण पत्ता बदललाय का हेही त्यातच विचारता येतं. पत्ता बदलल्यावर पाच कामकाजाच्या दिवसांत कोर्टाला कळवावं लागतं. ते राहून गेलं, नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि माणूस तारखेला हजर झाला नाही, तर त्याच्या गैरहजेरीतच बाहेर काढण्याचा हुकूम निघू शकतो.

आता माझं मत. आठवड्याचं काम तेव्हाच जमतं, जेव्हा मुळात काम आठवड्याच्या मापाचं असतं. टेक्सासातल्या डिली या गावात डिसेंबर २०१४ मध्ये स्थलांतरित माता आणि त्यांच्या मुलांसाठी २,४०० जणांचं डिटेन्शन सेंटर (ताब्यात ठेवायची जागा) सुरू झालं, तेव्हा देशभरातून वकील आणि विद्यार्थी एकेका आठवड्याच्या पाळीने जायचे. तिथे तयारी करून घ्यायची ती एका प्राथमिक मुलाखतीची, परत गेल्यास जिवाला खरंच धोका आहे का हे तपासणाऱ्या. टप्पाच छोटा, म्हणून पाळी चालून गेली. तुमच्या गटप्रमुखाला विचारा की ऑफिसने कोणतं काम काढून ठेवलंय. ‘तिथे गेल्यावर बघू’ असं उत्तर आलं तर मी जाणार नाही, कारण मग एक वकील आठवडाभर तुम्हालाच सांभाळत बसतो. आणि तुमच्या युनिव्हर्सिटीच्या गावातच असं ऑफिस असेल तर विमानाचे पैसे वाचवून तिथे जा. शिकवलेलं पुढच्या सेमिस्टरलाही त्यांच्या उपयोगी पडेल.

एक शेवटचं, तुम्ही एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर. सेवाभावी संस्थेत, जे काम एरवीही बिनपगारीच केलं जातं, ते करायला साधारणतः हरकत नसते; पगारी माणसाचं काम फुकट करणं मात्र अडचणीत आणू शकतं. नाव नोंदवण्याआधी इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला कामाचं स्वरूप ईमेलने कळवा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा.