पदवीधर मतदारसंघातून प्रथमच निवडून आलेल्या सदस्यास

आपण निवडून आलात, याचा मनापासून आनंद आहे. महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी पदवीधरांच्या वाट्याला अवघ्या ७ जागा येतात, तेवढ्याच शिक्षकांच्या. ३० सदस्य विधानसभेतून, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांतून येतात आणि १२ जणांना राज्यपाल नामनिर्देशित करतात.

धन विधेयक (कर व सरकारी खर्चाविषयीचे विधेयक) आपण १४ दिवसांहून अधिक रोखू शकत नाही आणि साधे विधेयकही अखेर विधानसभेच्या इच्छेनेच मंजूर होते, हे प्रथम मान्य करा. म्हणून आपले बळ मतदानात नसून अभ्यासात आहे. विधेयक हाती आले की उद्देश व कारणे यांचे निवेदन वाचून थांबू नका. कोणत्या खंडात 'विहित करण्यात येईल' (म्हणजे पुढे नियमांनी ठरवले जाईल) असे शब्द आहेत ते पेन्सिलने अधोरेखित करा, कारण खरे अधिकार पुष्कळदा तेथूनच शासनाच्या नियमांकडे जातात. दुरुस्ती सुचवायची ती तेथे. वि. स. पागे याच सभागृहाचे सभापती होते आणि रोजगार हमी योजनेची कल्पना त्यांची, हे मला आजही उभारी देते.

तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात तो, एकाच मुद्द्यावर ठेवा. चार मुद्दे एकत्र आले की मंत्र्यांना सोयीचा तेवढाच उत्तरात उरतो. त्या उत्तरावर विचारायचे उपप्रश्न मात्र आदल्या रात्रीच लिहून ठेवा.

आणखी एक: पदवीधरांची मतदारयादी प्रत्येक निवडणुकीसाठी नव्याने तयार होते, त्यामुळे जुन्या मतदारांनाही पुन्हा अर्ज भरावा लागतो, हे त्यांना वेळेवर कळवत राहा.